खानदानी खोकला

माणूस मेल्यावर भूत होतो असं मानणारे लोक मी पुष्कळ पाहिले. तसं काही नसतं म्हणणारेही पाहिले, विशेषतः दिवसा. पण माणूस चांगला जिवंत असतानाच त्याचं भूत घरातल्या सगळ्यांमध्ये आधीच वाटून दिलेलं असतं, आणि ते कसं वाटलं जातं हे फळ्यावर प्रोग्रॅम लिहून दाखवता येतं, असं छातीठोक सांगणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला. तो नेमका माझा साडू निघाला. माझी धाकटी मेव्हणी आर्णीला दिली, तिचे हे यजमान. तिथे एका मेडिकल स्टोअरच्या माडीवर ते संगणकाचे क्लास चालवत. मी यवतमाळला एस.टी.त वाहतूक नियंत्रक, म्हणजे स्टँडवरच्या खोलीत बसून माईकवरून गाड्या पुकारणारा माणूस. न दिसणाऱ्या गोष्टींशी माझा संबंध यायचा तो फक्त वेळेवर न आलेल्या गाड्यांपुरता. साडूंमुळे तो जरा वाढला.

त्यांची ही विद्या मी प्रथम पाहिली ती बोरी अरबला, माझ्या सासुरवाडीत, ते मुलगी पाहायला आले तेव्हा. पोहे झाले, चहा झाला, मुलगी खाली मान घालून बसली. सासरे रीतीप्रमाणे म्हणाले, "काही विचाराचं असन तर विचारा." हे म्हणाले, "तिले काय विचारू? तुम्ही जरा हसून दाखवा." सासरे चमकले, आणि मग खरोखरच हसले. आमचे सासरे हसतात ते आवाज न करता, नुसते खांदे हलवून. त्यांचे खांदे हलले आणि मान खाली घातलेल्या मुलीचेही हलले. "आलं आहे बरोबर," हे समाधानानं पुटपुटले. मग त्यांनी सासूबाईंना जमिनीवरून एकदा उठून दाखवायला सांगितलं. उठताना बाई गुडघा धरतात की कंबर, हे त्यांना बघायचं होतं. सासूबाईंनी कंबर धरली आणि लग्न ठरलं. आजही माझी मेव्हणी कमरेवर हात ठेवून उठली की साडू माझ्याकडे असं बघतात, की ती कंबर त्यांनीच घडवली असावी. माझी बायकोही तशीच उठते, पण मला हे आधी कोणी दाखवलं नव्हतं.

क्लासमध्ये ते पोरांना संगणकाला हात लावू देण्याआधी घर शिकवत. "घर म्हणजे प्रोग्रॅममधला क्लास, म्हणजे साचा," ते फळ्यावर एक चौकोन काढून म्हणत, "अन् घरातली माणसं म्हणजे त्या क्लासचे ऑब्जेक्ट. आता, चप्पल ज्याची त्याची. बापाची तुटली म्हणून पोराची तुटत नाही. पण माठ?" पोरं एका सुरात ओरडायची, "एकच!" "बरोबर. माठ कोण्या एकाचा नाही, घराचा आहे. माठात कोणी वाळा टाकला तर सगळ्यायच्याच पाण्याले वास येते." हे झालं की ते चौकोनाच्या वर आणखी एक चौकोन काढत आणि त्याच्यावर आणखी एक. "अन् तुमच्या घरी माठच नसन तं? बापाच्या घरी पाह्याचं. तिथं नसन तं आजाच्या. शोधत शोधत वर जायचं, जिथं सापडलं तिथं थांबायचं. कुठंच नाही सापडलं, तरच संगणक बोंबलते." इथपर्यंत सगळं शिकवणीतलं होतं. पण मग ते कूलर बंद करायला लावत आणि खाली आवाज करून म्हणत, "अन् पाणी कुठून आलं, हे पेणाऱ्याले मालूमच नसते. तुम्ही समजता तुमचंच आहे." कूलर बंद पडल्यावर खोलीत जी शांतता व्हायची, तिच्यात एखादं पोरगं हळूच आपल्या हाताकडे बघून घ्यायचं.

एकदा आम्ही दोघं राळेगावला एका लग्नाला गेलो होतो. परतताना स्कूटर बंद पडली, म्हणून बाजारातल्या एका मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री पन्नाशीतला, हात अगदी चपळ. साडू त्याच्या हाताकडे बघत उभे राहिले, आणि अचानक म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या अब्बांची करंगळी वाकत नव्हती का?" मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. "साहब, अब्बा आपको कहाँ मिले?" "नाही भेटले कधी." "उनकी करंगळी चेन में आई थी. मेरे पैदा होने के पहले." त्यानं स्वतःची करंगळी मिटून उघडून पाहिली. ती ठणठणीत होती. मग त्यानं पाना उचलला, नट धरला, आणि आम्हा तिघांच्या देखत त्याची करंगळी ताठ होऊन बाजूला उभी राहिली. त्यानं पाना दुसऱ्या हातात घेतला आणि उरलेलं काम आमच्याकडे पाठ करून संपवलं. रस्त्यात मी साडूंना म्हटलं, "अहो, लहानपणापासून बापाचा हात पाहून शिकला असेल तो. त्यात काय एवढं?" "तेच तं मी म्हणून राह्यलो, साडूभाऊ," ते म्हणाले, "हात याचा आहे, बोट बापाचं." त्या दिवशी घरी येईपर्यंत मी हँडल बोटं मोजल्यासारखं धरलं होतं.

आता खोकल्याकडे येतो. साडूंच्या घराण्यात एक खोकला होता. दोन आखूड आणि एक लांब, लांबचा शेवटी जरा वर चढायचा. तो आला आजोबांपासून. आजोबा सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कामाला होते, आयुष्यभर रुईची धूळ छातीत गेली, तेव्हा ते खोकणारच. साडूंचे वडील कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर. गाडीतून चिमूटभर कापूस काढायचा, दोन अंगठ्यांमध्ये धागा ओढून बघायचा आणि कापसाची प्रत सांगायची, हे त्यांचं काम. तेही खोकत, तेही समजण्यासारखं आहे. पण साडूंनी उशी सोडली तर कापसाला हात लावला नव्हता, आणि तेही तस्सेच खोकत. यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरांनी फोटो काढून छाती स्वच्छ असल्याचं सांगितलं. साडूंना आश्चर्य वाटलं नाही. "माझा नाहीच आहे तो," ते म्हणाले, "घराचा आहे." त्यांच्या लग्नाच्या पंगतीत मी स्वतः वाढायला होतो. वडील मांडवाच्या एका टोकाला व्याह्यांशी बोलत होते, साडू दुसऱ्या टोकाला पाटावर, मध्ये दोनशे माणसांचा कालवा. आणि दोघं एकदम खोकले. दोन आखूड, एक लांब, एकाच ठेक्यात. माझ्या हातातली बासुंदीची पळी जिथल्या तिथे राहिली. समोरचा पाहुणा म्हणाला, "वाढा ना भाऊ, काहून थांबले?" त्याला काही ऐकू आलं नव्हतं.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. पाऊस पडायचा तेव्हा पडला नाही आणि नको तेव्हा पडला, बोंडं अळीनं खाल्ली, केंद्रावर येणारा कापूस पिवळा पडलेला आणि ओला. वडील चिमूट काढत, धागा ओढत, आणि जे असेल ते सांगत. खोटं त्यांना सांगता येत नव्हतं. पण प्रत सांगितल्यावर गाडीवाल्याचं तोंड बघवेना, म्हणून ते डोळे मिटून सांगू लागले. मग घरीही डोळे मिटून बसू लागले. दुपारी पडल्या पडल्या उशीच्या फाटक्या कोपऱ्यातून कापूस काढायचे, दोन अंगठ्यांत ओढायचे आणि झोपेत प्रत सांगायचे. साडूंच्या आई, मीही त्यांना आईच म्हणतो, उशीचा कोपरा शिवून टाकत, तर तो परत उसवलेला असे. कार्तिकातल्या एका सकाळी वडील म्हणाले, "जरा स्टँडवर जाऊन येतो." रिकामी पिशवी घेतली, चपला घातल्या आणि गेले. नेहमी गळ्यात असायचा तो करड्या लोकरीचा मफलर मात्र खुंटीवरच राहिला. पुष्कळ शोधलं. मी तर माझ्या ओळखीच्या प्रत्येक कंडक्टरला सांगून ठेवलं. ते आले नाहीत आणि त्यांची काही खबरही आली नाही. आईंनी पोलिसांत, नातेवाइकांत, सगळीकडे एकच सांगितलं, "मफलर नाही नेला हो त्यायनं."

पण खोकला राहिला. साडू पोरांना शिकवत असत, मध्येच थांबत, दोन आखूड एक लांब खोकत, आणि खिडकीबाहेर बघून म्हणत, "थंड जागी आहेत बाबा." हे ते भर वैशाखात म्हणत. बाहेर डांबर पातळ झालेलं, आणि आमचे साडू वडिलांचा मफलर कानाला घट्ट गुंडाळून कूलरसमोर उभे. खोकला घराचा, तशी ऊबही घराचीच, असा त्यांचा हिशेब होता. इथे गळा झाकला की तिथे गळा झाकला जाईल. पोरं मागे हसत. माझी मेव्हणी कपाळाला हात लावी. "तुमच्या साडूले तुम्हीच सांगा काही," ती मला म्हणे, "घामानं लाल लाल पुटकुळ्या आल्या मानेवर." मी काय सांगणार? आई रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून तिथेच बसून राहत, मुलाचा खोकला ऐकू येईपर्यंत. तो ऐकला की कुंकवाच्या करंड्याला हात लावून उठत. त्या घरात नवरा जिवंत असल्याचा तेवढाच पुरावा होता, आणि तो मुलाच्या घशातून येत होता.

एकदा मार्गशीर्षात मी आर्णीला गेलो होतो. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून क्लासच्या मागच्या बाकावर जाऊन बसलो. साडू मफलरासकट नवा धडा शिकवत होते. "आता समजा," ते म्हणत होते, "घरातल्या एकाले वाटलं, पाण्यात साखर पाह्यजे. त्यानं माठातलं पाणी आपल्या बाटलीत घेतलं अन् साखर टाकली. आता तो आपल्या बाटलीचंच पेते. माठाचं काय झालं?" पोरं म्हणाली, "काहीच नाही!" "काहीच नाही! पोट्टेहो, हीच चूक सगळे करतात. ऑब्जेक्टवर लिहिलं की फक्त त्या ऑब्जेक्टचं बदलते. बाकीच्यायले पत्ताही लागत नाही. सगळ्यायचं बदलाचं असन तं क्लासवर लिहा. माठात टाका." मला आपलं सहज सुचलं. मी थट्टेनंच म्हटलं, "मग साडूभाऊ, हा मफलर? तोही बाटलीतच पडला की."

पोरं खळखळून हसली आणि मग गप्प झाली, कारण सरांचा चेहरा उतरला होता. ते खडू हातात धरून उभे राहिले. इतकी वर्षं ते प्रत्येक बॅचला जी चूक करू नका म्हणून ओरडून सांगत होते, ती त्यांच्याच गळ्यात होती. त्यांनी मफलर हळूहळू उलगडला, घडी केली, आणि अर्धा तास आधी क्लास सोडून घरी गेले. मी मागोमाग गेलो. घरात शिरताच त्यांनी तो मफलर वडिलांच्या खुंटीवर टांगला, जिथे तो पहिल्या दिवशी राहिला होता. "घरावर लिहिलं," ते मला म्हणाले.

त्या दिवसापासून खोकला थांबला. पहिले काही दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. मग आई दिव्यापाशी बसल्या त्या बसूनच राहू लागल्या. घरात कुकरची शिट्टी वाजे, शेजारच्या टीव्हीवर कोणी रडे, पण जे ऐकायचं ते ऐकू येत नसे. साडू मुद्दाम खोकून पाहत. तो साधा खोकला निघे, कोणाचाही असावा असा. नातेवाइकांना कळायला वेळ लागला नाही. माझे सासरे बोरी अरबहून एका गुरुजींना घेऊन आले. माणूस बरीच वर्षं बेपत्ता असला की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि पुढचे विधी करतात. ते झाले की आईंचं कुंकू पुसायचं. सासरे काही दुष्ट नाहीत, त्यांना व्याह्यांच्या आत्म्याची काळजी होती. "खोकला होता तोवर मी बोललो नाही," ते म्हणाले, "आता तं तोही गेला."

"गेला नाही, थांबला," साडू म्हणाले. "मफलर घराले घातला, बाबा गरम झाले, खोकला थांबला. सरळ आहे."

"अन् माणूसच नसन, तरी खोकला थांबतेच ना बापू?" सासरे म्हणाले. "दोन्हीतलं कोणतं, हे कसं कळावं?"

हा प्रश्न प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला विचारायला नको होता. साडूंच्या तोंडून उत्तर निघून गेलं. "त्यात काय? मफलर काढून पाह्याचा. खोकला आला तं आहेत. नाही आला तं..." आणि तिथे ते थांबले.

पौषातली संध्याकाळ होती. दारं लावूनही पाय गार पडत होते. सगळे आईंकडे बघत होते, गुरुजीसुद्धा. आई उठल्या आणि खुंटीपाशी गेल्या. मफलरावर हात ठेवला. मला वाटलं काढतात. त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि माझ्या कानांना इतकी ओढ लागली होती की भिंतीतूनसुद्धा खोकला आला असता तर मी दचकलो नसतो. मग त्यांनी एका बाजूला घसरलेला मफलर दोन्हीकडून सारखा केला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "माणूस गरम असन तं कायले उघडा करू? मले पाह्याचं नाही."

गुरुजी सासऱ्यांकडे बघून उठले. चहा घेऊन दोघंही शेवटच्या गाडीनं गेले. विधीचं नाव त्या घरात परत निघालं नाही.

एवढं झाल्यावर मला वाटलं होतं, आई तो मफलर तसाच जपून ठेवतील. पण त्या माझ्या साडूंच्या आई होत्या, शिकवण त्यांच्यापर्यंतही पोचली होती. होळी झाली की त्या मफलर काढून पेटीत ठेवत आणि त्या खुंटीवर ओला पंचा टांगत. "उकडत असन त्यायले," एवढंच म्हणत. पंचा वाळला की परत भिजवत. दिवाळीनंतर पंचा जाई आणि मफलर येई. साडूंना हे मनापासून पटलं होतं. माझी मेव्हणी आधी वैतागे, पुढे पुढे आई कुठे गावाला गेल्या तर तीच पंचा भिजवू लागली.

वडील घरातून निघून गेल्यानंतर साडूंना मुलगी झाली. तिनं आजोबा पाहिलेच नाहीत. ती पहिल्या दिवसापासून ऐकण्याच्या पहाऱ्यात वाढली. तिला सर्दी झाली, पडसं झालं, माकडखोकलाही झाला, पण तो घरचा खोकला तिला कधी आला नाही. साडू म्हणत, "तिच्यातून कोणी अजून मागितला नाही. मागितल्याशिवाय वर शोधत जात नाही ना." मला वाटायचं, बरं झालं, पोर सुटली.

दोन वर्षांपूर्वी दसरा नुकताच होऊन गेला होता. मी आणि बायको आर्णीला गेलो होतो. दिवसभर उकडत होतं, खुंटीवर पंचा होता, आई ताटात मेथी निवडत होत्या, मुलगी जमिनीवर पोट टेकून गणितं करत होती. ऊन उतरता उतरता अचानक वारा फिरला. उत्तरेकडून थंडीची पहिली झुळूक आली आणि पंचा जोरात हलला. मुलीनं वहीतून डोकं वर काढलं आणि ती खोकली. दोन आखूड, एक लांब, लांबचा शेवटी वर चढलेला. तिला स्वतःलाच गंमत वाटली. "हे काय होतं?" ती म्हणाली, आणि परत गणित करू लागली.

साडूंनी हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. आई मेथीचं ताट बाजूला सारून उठल्या. कमरेला नाही, या घरच्या रीतीनं गुडघ्याला हात लावून उठल्या. पेटी उघडली, तळातून मफलर काढला, तो झटकून नीट करायलाही थांबल्या नाहीत. ओला पंचा खाली टाकला आणि त्या खुंटीवर मफलर घट्ट दोन वेढे देऊन बांधला. "इतक्या लवकर थंडी येईन, मले काय माहीत बापा," त्या खुंटीला म्हणाल्या. रागावून म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या हसत होत्या. मी त्यांना इतक्या वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं.

माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी बायकोला परतीच्या गाडीत सांगितलं. मी आपला डोळ्याला दिसणाऱ्या गाड्यांचा हिशेब ठेवणारा माणूस. पण हिवाळ्यात स्टँडवर कानटोप्या, शाली, मफलर गुंडाळून माणसं बसलेली असतात, त्यांत कोणीतरी खोकतं, आणि माझा हात माईकवर थांबतो. आर्णीची गाडी लागली की इतर गाड्यांसारखीच मी ती एकदा पुकारतो. मग थोडं थांबतो, आणि थंडीच्या दिवसांत आणखी एकदा पुकारतो.